गॅसवरची माणसं

मराठी माणूस तीन ठिकाणी असतो. घरी, कामावर आणि गॅसवर. पहिल्या दोन ठिकाणांहून त्याला अधूनमधून सुट्टी मिळते, तिसऱ्या ठिकाणाहून मिळत नाही. मुलीचा निकाल लागायचा असला की बाप गॅसवर. बदलीची यादी यायची असली की कारकून गॅसवर. आणि आमच्या भिवंडीत पावसाळ्यात कामवारी नदी चढू लागली की नदीकाठचा सारा गाव गॅसवर. एवढी माणसं एकाच वेळी गॅसवर असूनही स्वयंपाकाला उशीर होतो, हे एक कोडंच आहे.

भाषेचं तुम्ही नीट निरीक्षण करा. बढती मिळाली की माणसाच्या डोक्यात हवा जाते. रुसला की तो फुगतो, रागावला की तापतो. साहेब आले की दबतो आणि साहेब गेले की तोंडाची वाफ दवडतो. वाफ दवडूनही भागलं नाही, तर एक दिवस कुणावर तरी फुटतो. म्हणजे दाब, आकारमान आणि तापमान ही तिन्ही प्रकरणं आपल्या आजीपणजीला तोंडपाठ होती. फक्त त्यांनी ती लिहून ठेवली नाहीत. आयर्लंडात जन्मलेल्या रॉबर्ट बॉईलनं १६६२ साली लिहून ठेवली आणि नियमाला त्याचं नाव लागलं. त्या साली इकडे पुण्यात शाहिस्तेखान लाल महालात मुक्काम ठोकून बसलेला होता. दाब कसा वाढतो याचा प्रयोग आपल्याकडेही चालूच होता म्हणायचा. निकाल पुढच्या वर्षी लागला आणि त्यात खानाची बोटं गेली.

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत काउंटरवर बसतो. वायूशी माझा संबंध सिलिंडरचं बुकिंग आणि दुपारनंतरचं पोट एवढाच. पण अकरावी सायन्सचा भाचा सुट्टीत राहायला आला आणि औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची एक सुईविरहित सिरिंज घेऊन माझ्यासमोर बसला.

“मामा, तोंडावर बोट दाबून धरा.”

“कुणाच्या?”

“सिरिंजच्या हो! आता दट्ट्या हळूहळू आत ढकला.”

दट्ट्या वीसवरून दहावर येईपर्यंत माझ्या अंगठ्यातून सूक्ष्म कळा यायला लागल्या. भाचा म्हणाला, “आकारमान निम्मं, दाब दुप्पट. तापमान तेवढंच असलं तर दोघांचा गुणाकार कायम. हा बॉईल.” मला हे एकदम पटलं. आमच्याकडे याला पगार म्हणतात. एकीकडे घरभाडं वाढलं की दुसरीकडे भाजी कमी होते, एकूण बेरीज हलत नाही.

“आणि मामा, जोरजोरात ढकललं तर हवा तापते. सायकलचा पंप मारताना हाताला लागतं ना, तसं. मग बॉईलचा नियम नुसता पुरत नाही.”

हेही पटलं. कामाचा ढीग सावकाश अंगावर आला तर माणूस दबतो, पण तापत नाही. मार्चअखेरीला तोच ढीग चार दिवसांत येतो, तेव्हा शाखेतला पंखाही गरम हवा फेकतो.

बॉईलनं हा प्रयोग कसा केला ते ऐकून तर मला तो आमच्या चाळीतलाच वाटायला लागला. त्यानं इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली, आखूड बाजूचं तोंड बंद केलं आणि लांब बाजूनं पारा ओतत गेला. पाऱ्याच्या भारानं कोंडलेली हवा आक्रसत गेली. पण नळी एवढी उंच झाली की खोलीत मावेना. मग साहेबांनी प्रयोग जिन्यात केला. जगाचा एवढा मोठा नियम, आणि तो जिन्यात सापडला! आमच्याकडे जिन्यात सायकली, पाण्याची पिंपं आणि शेजाऱ्यांची भांडणं असतात. तिथंही आकारमान कमी आणि दाब जास्त असतोच, फक्त नोंद कुणी ठेवत नाही.

दुसरा नियम चार्ल्सचा. दाब तेवढाच ठेवला तर वायू तापला की फुगतो. या चार्ल्स महाशयांनी २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसहून हायड्रोजनचा फुगा सोडला. तो पाऊण तास उडून गोनेस नावाच्या खेड्यात उतरला. खेडुतांनी असलं जनावर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दाताळी आणून त्याला भोसकून भोसकून ठार केलं. पुढे चार्ल्सनं वायूच्या प्रसरणाचे प्रयोग केले, पण छापले नाहीत. १८०२ साली गे-ल्युसॅकनं ते नीट करून छापले आणि लिहिलं की, हे चार्ल्सनं पंधरा वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. नियमाला नाव चार्ल्सचं लागलं. दुसऱ्याचं काम दुसऱ्याच्याच नावावर लिहिणारा मनुष्य मी नोकरीत तरी पाहिलेला नाही. विज्ञानावर माझी श्रद्धा बसली ती इथं.

आता तिन्ही गोष्टी एका ओळीत मांडल्या की हिशेब पूर्ण होतो. दाब गुणिले आकारमान भागिले तापमान, बरोबर कायम. वायू तेवढाच असला म्हणजे झालं. यातल्या दोन रकमा सांगा, तिसरी वायू मुकाट्यानं सांगतो. त्याला वेगळं मत नसतं.

माझी पंचाईत इथूनच सुरू झाली. कारण हाच हिशेब माणसं माझ्या काउंटरवर रोज मांडतात.

एक तारखेला गर्दी असते. अकराच्या सुमाराला सर्व्हर बसतो. तो बसला की सगळे उभे राहतात. मग कुणीतरी एक जण माझ्या काचेवर मूठ आपटतो, माझ्या कुळाचा थोडक्यात इतिहास सांगतो आणि सर्व्हर चालू झाल्यावर पैसे मोजता मोजता म्हणतो, “साहेब, राग मानू नका. डोकं तापलं होतं.” म्हणजे गुन्हा त्याचा नाही, तापमानाचा. हॉलचं आकारमान ठरलेलं, त्यात माणसं वाढली, पंखा बंद, मग दाब वाढणारच. वायूनं जे केलं असतं तेच त्यानं केलं. नियम मोडला असेल तर तो मी, कारण मी एवढं ऐकून फुटलो नाही.

प्रश्न साधा दिसतो, पण तो मला रात्री झोपू देईना. माणूस वायू आहे काय? परिस्थितीचे दोन आकडे दिले की त्याची वागणूक आपोआप ठरते, असं धरायचं काय? तसं असेल तर कुणालाच दोष देता येणार नाही. आणि तसं नसेल तर ‘तुला राग का आवरत नाही’ असं चाळीस डिग्रीत उभ्या असलेल्या हमालाला विचारायचा अधिकार वातानुकूलित केबिनमधल्या साहेबाला मिळतो, तेही मनाला पटत नाही.

म्हणून मी गावातच उदाहरणं शोधू लागलो. भिवंडीसारखी प्रयोगशाळा दुसरीकडे मिळणार नाही. यंत्रमागांचा खडखडाट, सायझिंगचे बॉयलर, गोदामांकडे निघालेले ट्रक आणि या सगळ्यांच्या मधून जाणारा एकच रस्ता. मागावर काम करणारा माणूस उत्तरेतून, तेलंगणातून, कुठून कुठून आलेला. एका खोलीत दहा-बारा जण. दिवसपाळीचा उठला की त्याच चटईवर रात्रपाळीचा झोपतो, चटई गार व्हायला वेळ मिळत नाही. हिशेबानं पाहिलं तर दरडोई आकारमान नाममात्र, तापमान भरपूर. बॉईल आणि चार्ल्स दोघं मिळून या खोलीत आले तर दारातूनच पळत सुटतील, आता हे फुटणार म्हणून. पण खोली फुटत नाही. तिथं वरण शिजतं, गावाकडच्या पोराचा फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवला जातो. आणि तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा आमचा एक ओळखीचा गृहस्थ चहात साखर कमी पडली म्हणून कप भिंतीवर फेकतो. आकारमान जास्त, तापमान कमी, दाब गगनाला! वायूचा हिशेब इथं जुळत नाही.

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, तो नियम आदर्श वायूचा आहे.”

मला वाटलं, आदर्श म्हणजे आदर्श शिक्षक, आदर्श ग्राम वगैरे. तसं नाही. आदर्श वायूचे कण म्हणजे नुसते बिंदू, त्यांना स्वतःचं आकारमान नसतं आणि त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. जवळून गेले तरी ओळख दाखवत नाहीत. टक्कर झाली तर उडून पुढे. असं निर्जीव, निर्विकार सहजीवन असलं की त्याला विज्ञानात आदर्श म्हणतात. आमच्या सोसायटीत ते बऱ्याच अंशी साधलेलं आहे.

पण खरे वायू असे नसतात. हॉलंडमध्ये व्हॅन डर वाल्स नावाच्या एका गृहस्थानं १८७३ साली हे मांडलं. आधी हा शाळामास्तर होता, पुढे १९१० साली नोबेल मिळालं. त्यानं हिशेबात दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, कणाला स्वतःची जागा लागते. दुसरी, कण एकमेकांना ओढून धरतात. आणि या दुसऱ्या दुरुस्तीचा परिणाम मी भाच्याला दोनदा सांगायला लावला. भिंतीवर आदळायला निघालेल्या कणाला मागचे कण थोडं मागे ओढतात, त्यामुळे भिंतीवरचा दाब आदर्श हिशेबापेक्षा कमी भरतो.

म्हणजे खोलीतल्या बारा जणांचं उत्तर मिळालं. काचेवर मूठ आपटायला निघालेल्या माणसाच्या सदऱ्याला मागून कुणीतरी धरलेलं असतं. फ्लॅटमधल्या गृहस्थाला धरायला कुणी नव्हतं.

इथं एक सावधगिरी सांगतो. गरीब माणूस दाटीत राहूनही फुटत नाही म्हणून दाटी चांगली, असा सोयीचा निष्कर्ष काढणारे लोक असतात. बहुधा ते स्वतः ऐसपैस घरात राहतात. व्हॅन डर वाल्सची पहिली दुरुस्ती त्यांनी वाचलेली नसते. माणसाला स्वतःचं आकारमान असतं, कोपर असतं, गुडघा असतो. आणि माणसं नाही फुटली तरी भांडं फुटतं. सप्टेंबर २०२० मध्ये आमच्या गावात पहाटेच्या झोपेत एक इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसं गेली. दाबाची तक्रार आत राहणाऱ्यांनी केली नाही, म्हणून भिंतीनं केली.

आता खऱ्या अवघड भागाकडे येतो. भिवंडी म्हटल्यावर बाहेरगावच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, ट्रॅफिक आणि दंगल. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल झाली, मे १९८४ मध्ये पुन्हा झाली. माणसं मेली, माग जळाले. दोन्हींबद्दल जाणती माणसं बोलतात तेव्हा वाक्य एकच असतं. “काय सांगू, वातावरण तापलं होतं.”

व्याकरणाच्या दृष्टीनं हे वाक्य फार हुशार आहे. यात तापलेलं आहे, तापवणारा नाही. डाळ करपली, दूध उतू गेलं, वातावरण तापलं. वायूच्या सूत्रातही नेमकं असंच आहे. दाब आहे, आकारमान आहे, तापमान आहे, पण शेगडी कुणी पेटवली याला सूत्रात रकाना नाही. भौतिकशास्त्राला त्याची गरज नसते. आपल्याला असते. घरात कुकरचा स्फोट झाला तर ‘वाफेचा स्वभावच तसा’ असं कुठलीही गृहिणी म्हणून घेणार नाही. शिट्टीच्या भोकात अडकलेली डाळ कुणी साफ केली नाही आणि मोठ्या आचेवर ठेवून कोण टीव्ही पाहत बसलं होतं, या दोन प्रश्नांची उत्तरं तिला त्याच रात्री हवी असतात.

दुसरी एक गंमत आहे, तीही हिशेबाची. वायूचं तापमान मोजताना आपलं नेहमीचं शून्य चालत नाही. ते पाणी गोठण्याचं शून्य, माणसानं सोयीनं ठरवलेलं. वायूचा हिशेब शून्याखाली २७३ पासून सुरू होतो. म्हणून हायवेवर ट्रकचा टायर तीस डिग्रीवरून साठवर गेला तरी आतला दाब दुप्पट होत नाही. ३०३ चे ३३३ होतात, म्हणजे एकदशांशाच्या आसपासच वाढ. शून्य चुकीचं धरलं की हिशेब भलताच येतो. आणि दंगलीनंतर ज्याच्या त्याच्या तोंडी स्वतःचं शून्य असतं. “आधी त्यांनी दगड मारला.” “त्याच्या आधी त्यांनी घोषणा दिली.” “त्याच्याही आधी...” प्रत्येकाची खतावणी आपल्याला सोयीच्या तारखेपासून उघडते, आणि आरंभीची शिल्लक दुसऱ्याच्या नावे. १९७० च्या दंगलींच्या चौकशीला न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, तेव्हा त्यांना भिवंडीबरोबर जळगाव आणि महाडच्याही वह्या उघडाव्या लागल्या. कॉमर्सच्या माणसाला हे काम किती कष्टाचं असेल ते कळतं. दोन्ही बाजूंची पासबुकं जुळत नाहीत, आणि दोघेही म्हणतात, आमचीच खरी.

मग आलं १९९२. डिसेंबरात देशभर तापमान चढलं. मुंबई डिसेंबरात पेटली, जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा पेटली. भिवंडी पन्नास किलोमीटरच्या आत. गावाचं आकारमान तेवढंच, दाटी वाढलेली, आणि मागची शिल्लक सगळ्यांना पाठ. वायूच्या नियमानं भिवंडी आधी फुटायला हवी होती. भिवंडी शांत राहिली.

हे आपोआप झालं नाही. १९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी इथं उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्या त्या वस्तीतली दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि पोलीस नेमानं एकत्र बसायचे, लहानसहान तंटे तिथल्या तिथं बोलून मिटवायचे. ऐकायला किती मामुली वाटतं! बैठक घेणं म्हणजे आपल्याकडे काम न करण्याची सर्वमान्य पद्धत. पण विचार करा. शिट्टी तरी दुसरं काय करते? आतली वाफ थोडी थोडी, आवाज करत, वेळच्या वेळी बाहेर सोडते. घरभर फुसफुस होते, पाहुणे दचकतात, पण झाकण छताला लागत नाही. बॉईलचा एकेकाळचा मदतनीस दनी पापँ यानं १६७९ साली पहिला कुकर केला आणि मग त्याला वजन टांगलेली झडपही बसवली. भांडं मजबूत केलं म्हणजे झालं, असं त्यानं मानलं नाही.

आणि कमिट्यांमधून दुसरंही घडलं, ते व्हॅन डर वाल्सचं. चार वर्षं ज्याच्या शेजारी बसून चहा प्यायला, त्याच्या दुकानाकडे दगड घेऊन जायचं म्हणजे आधी त्याचं नाव आठवतं. मग सदरा मागून ओढल्यासारखा वाटतो. दाब कमी झाला तो इथं. तापमान कुणी कमी केलं नव्हतं.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं सापडलं. माणूस तापतो, दबतो, फुगतो, यात तो वायूसारखाच आहे, आणि हे नाकारणाऱ्या साहेबानं एक तारखेला अकरा वाजता माझ्या काउंटरवर तासभर बसून दाखवावं. तापल्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण वायूला शिट्टी स्वतः साफ करता येत नाही, शेजारच्या कणाची चौकशी करता येत नाही, आणि आच कुणी वाढवली हे वळून पाहता येत नाही. माणसाला तिन्ही येतं. दोष द्यायचा तर तो या तिन्हींपैकी एकही न केल्याबद्दल. आणि तो फुटण्याच्या क्षणाचा नसतो, त्याआधीच्या निवांत दिवसांचा असतो, जेव्हा सगळं थंड होतं आणि भोकातली डाळ काढायला आपल्याला वेळ नव्हता.

यातली एक अडचण मात्र सिलिंडर सांगतो. १४.२ किलोच्या त्या लाल टाकीतला गॅस द्रवरूपात भरलेला असतो. आत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो, टाकी भरलेली असो की संपत आलेली. ज्योत शेवटपर्यंत निळी, ऐटबाज. आणि मग पाहुणे जेवायला बसले की फस्स! काही माणसं अशी असतात. ती तापत नाहीत, फुटत नाहीत, शिट्टीही वाजवत नाहीत, एक दिवस नुसती संपतात. त्यांचा अंदाज बाहेरून लागत नाही, अधूनमधून जवळ जाऊन हलवून पाहावं लागतं. आमच्या शाखेत असे दोघे आहेत. हल्ली चहाच्या वेळी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसतो. ते म्हणतात, “आज काय काढलंत?” मी म्हणतो, “काही नाही, सिलिंडर बघायला आलो.”

एवढं लिहून होईतो स्वयंपाकघरात तिसरी शिट्टी झाली आहे. आतून आवाज येतोय, “कुणीतरी गॅस बंद करा!” कर्ता पुन्हा अनिश्चित. पण घरात आम्ही दोघंच आहोत, आणि तिचे हात कणकेत आहेत.